लवू मेस्त्रीची होडी

मोहन तेली घाटी उतरून माझ्या मांडवात आला, तेव्हा मी त्याच्याच गोठ्याच्या दारावर रंधा मारत होतो. त्याचं घर वर सड्यावर. आमची वाडी खाली, खाडीला लागून. गुडघे दुखतात म्हणून तो सहसा खाली उतरत नसे.

"दार इतक्यात व्हया तुका?" मी विचारलं. "अजून खूप काम आसा ह्येचा."

"दार रवांदे. वर चल."

"कित्याक?"

"वैजूचो फोन इलो होतो."

वैजू म्हणजे माझी मुलगी, ठाण्याला असते. तिच्या बाळंतपणासाठी माझी बायको प्रभावती फाल्गुनात तिकडे गेली. मग तो रोग आला, गाड्या बंद झाल्या, जिल्ह्याच्या हद्दी बंद झाल्या, आणि ती तिकडेच अडकली. आमच्या वाडीत मोबाईलला रेंज नाही. त्यामुळे रोज संध्याकाळी मी तेल्याच्या अंगणात जाऊन त्याच्या फोनवर तिच्याशी बोलत असे. फोन संध्याकाळी व्हायचा. आता सकाळ होती.

"काय म्हणता वैजू?"

"वर चल. मगे बोलू."

मी रंधा खाली ठेवला. तेल्यानं तो उचलून कुशीवर ठेवला, म्हणजे पात्याला जमीन लागणार नाही. मग माझी पटाशी, हातोडी, गुण्या गोळा केली, पेटीत टाकली आणि पेटीचं झाकण लावलं. इतक्या वर्षांत त्यानं माझ्या हत्याराला कधी हात लावला नव्हता. ते बघितलं आणि मला कळलं. मी त्याच्या मागून घाटी चढायला लागलो.

प्रभाच्या छातीत दुखलं आणि ती गेली. तो रोग तिला नव्हता. पण त्या दिवसांत सगळ्यांनाच तसं, कापडात गुंडाळून घाईनं, नेत होते. मला जायला परवानगी मिळेपर्यंत सगळं उरकणार होतं. तेली म्हणाला, व्हिडिओवर बघूया. त्यानं फोन विहिरीच्या कठड्यावर टेकवला. तिकडचा फोन वैजूनं धरला होता. एक पांढरं कापड दिसलं, निळा हातमोजा घातलेला कुणाचा तरी हात दिसला, आणि चित्र तिथंच थांबलं. हात तसाच वर उचललेला. तेली बटणं दाबत राहिला, कठड्यावर चढला, फोन डोक्यावर धरून उभा राहिला. परत चित्र आलं तेव्हा वैजू गाडीत बसली होती. ती म्हणाली, "झालं, बाबा."

मी तेल्याचा फोन त्याला परत दिला. माझा एक साधा फोन रेंजशिवाय घरात पडून होता, तोही वहिनीला, म्हणजे शेजारी राहणाऱ्या माझ्या भावजयीला, देऊन टाकला.

दिवाळीला वैजू आली. बरोबर मुलगी, सहा-सात महिन्यांची. दोन दिवस घर झाडलं, भांडी घासली, आईच्या साड्या उन्हात घातल्या. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "बाबा, कपडे भरा. तुम्ही माझ्याबरोबर येताय."

"नाय."

"इथं एकटे काय करणार?"

"होडी करतलंय."

खाली चिपीच्या, म्हणजे खारफुटीच्या झाडांजवळ, खाडीच्या काठाला, मी तोवर तळाच्या फळ्या आडव्या घातल्या होत्या. तिला वाटलं असावं, कुणाचं तरी काम घेतलं असेल. मी सांगितलं की होडी माझी. वर एक खोली बांधणार, झापांनी शाकारणार, आणि तीत राहणार. चूल, माठ, कंदील, अंथरूण. वीज नाही, टीव्ही नाही, फोन नाही.

वैजू माझ्याकडे बघत राहिली. "डोकं ठिकाणावर आहे ना तुमचं?"

"आसा."

"रात्रीबेरात्री आजारी पडलात तर?"

"हाक मारीन."

"ऐकणार कोण?"

"धाकू आसा मा पलीकडे."

"धाकूकाका? ते बहिरे आहेत, बाबा!"

वहिनी पडवीत नारळ सोलत बसली होती, ती हसली. मग म्हणाली, "करूंदेत गो तेंका. प्रभाची हौस असतली. पाण्यावर रवाची."

वाडीत सगळे तसंच म्हणत होते. कुणी म्हणे बायकोची हौस, कुणी म्हणे डोक्यावर परिणाम. मी कुणालाच दुरुस्त केलं नाही.

वैजू निघताना अंगणात उभी राहिली. मुलगी तिच्या खांद्यावर झोपली होती. म्हणाली, "ठीक आहे. शिमग्याला मी येते. तोवर ही होडी पाण्यावर असली आणि आतून कोरडी असली, तर मी परत विषय काढणार नाही. नसली, तर घराला कुलूप घालायचं आणि माझ्याबरोबर यायचं. कबूल?"

"कबूल."

"शपथ?"

"गो, मी मेस्त्री आसंय. कबूल म्हटला म्हणजे कबूल."

ती गेली. खरं सांगायचं तर मी घाबरलो होतो. मी घरसुतार. आयुष्यभर दारं, खिडक्या, चौकटी, देव्हारे केले. होडी मी कधी केली नव्हती.

धाकू सारंगनं केल्या होत्या. त्याचं वय झालेलं, कान गेलेले, हातांना कंप. रोज दुपारी जेवून तो काठी टेकत यायचा, उपड्या टोपलीवर बसायचा आणि माझ्याकडे बघत विडी ओढायचा. मी तळाच्या फळ्या कडेला कड लावून बसवल्या. अशा बसवल्या की मधे नख शिरू नये. मला त्याचा अभिमान वाटत होता.

धाकू उठला. फळ्यांवरून हात फिरवला. "ह्या काय केलंस?"

"सांधो," मी ओरडून म्हणालो. "घट्ट बसलो मा?"

"खूप घट्ट. कोणाच्या लग्नाचा दार ह्या?"

"काय चुकला?"

"पाण्यात लाकूड फुगतलाच. फुगलेला लाकूड जातला खय? जागा नाय तर शेजारणीक ढकलतला. खिळे उपटतले, फळी वर उठतली. मगे तू आत बस आणि बुड्या मार." त्यानं दोन बोटं एकमेकांना लावली आणि जराशी दूर केली. "इतकी फट होयी. तीत कापूस, वर राळ. दाराक वारो अडवूचो असता मेस्त्री. होडयेक पाणी आत घेवन मगे अडवूचा असता."

मी सगळ्या फळ्या काढल्या. खिळे उपटताना दोन फळ्या चिरल्या. रात्री घरी आलो ते हात सोलवटूनच. घरात शिरताना चौकटीला डोकं आपटलं, नेहमीसारखं. मी उंच आहे. प्रभा म्हणायची, "गावभर दारां करतास, आणि आपल्याच घरात वाकान चलतास." ती माझ्या खांद्याच्याही खाली होती. ते दार तिच्या बापानं बांधलेल्या घरातून आणलेलं, म्हणून मोठं करायचं नाही, असा तिचाच हट्ट.

दारात कुणाची चप्पल वाजली की मी उठायचो. परसात खुराड्याचं फाटक वाजलं की उठायचो. जाताना ती सांगून गेली होती, "कोंबडी अंड्यांवर बसयलंय, तिका हात लावू नकात. मी येयसर पिल्लां मोठी होतली." पिल्लं मोठी झाली. त्यातली एक आता अंडी घालत होती.

मार्गशीर्ष, पौष असे गेले. मी पहाटे खाली उतरायचो ते अंधार पडल्यावर वर यायचो. तळाला ऐनाच्या फळ्या, बाजूला आंब्याच्या. आतल्या फासळ्यांना वाकडं लाकूड लागतं. ते फणसाच्या फांद्यांतून शोधलं, कारण सरळ लाकूड वाकवण्यापेक्षा जन्माचं वाकडं बरं, असं धाकू म्हणायचा, आणि म्हणताना माझ्याकडे बघून हसायचा. तळ सपाट ठेवला, म्हणजे ओहोटीला होडी चिखलावर बसेल, कलंडणार नाही. फटींत कापसाची वात पटाशीनं ठोकून भरायची, वर तेलात वितळवलेली राळ ओतायची. माझ्या अंगाला, केसांना, भाकरीला, सगळ्याला राळेचा वास येई. बाहेरून माशाचं तेल चोपडलं तेव्हा वहिनी म्हणाली, "आता मांजरां तुमका रात्री झोपूक देवची नायत."

खोलीचं काम मात्र मला येणारं होतं. ते मी एकट्यानं केलं. टेप खालीच आणला नाही. खोली लहान, हात लावला की माप कळतं. एका बाजूला झोपायचा पलंग भिंतीलाच बसवला. दुसऱ्या बाजूला चुलीसाठी पेटी केली, आत माती आणि सपाट दगड लावला, म्हणजे फळी पेटणार नाही. चुलीच्या वर भांड्यांची फळी. खिडकी. खुंट्या. छपराला बांबू आणि नारळाची झापं. ते काम करताना माझ्या डोक्यात काहीच नसायचं. त्या आठ-नऊ महिन्यांत डोकं रिकामं झालं ते तेवढ्याच दिवसांत.

शिमग्याच्या आधी धाकूनं सांगितलं, होडीत पाणी भर. मी समजलो नाही. तो म्हणाला, बाहेरून पाणी लागायच्या आधी आतून लाकडाला प्यायला दे. मग वहिनी, एक शेजारीण आणि मी खाडीतून घागरी भरभरून आत ओतल्या. पहिल्या दिवशी सगळ्या फटींतून पाणी गळत होतं. मी काठावर बसून ते बघितलं आणि मनात ठाण्याची पिशवी भरायला घेतली. रोज ओतलं, रोज गळलं. मग गळणं कमी झालं. होळीच्या आदल्या दिवशी फक्त एका कोपऱ्यात ओल उरली. धाकूनं बोट लावलं, जिभेला लावलं. "ह्या पाणी नाय. घाम तुझो."

होळीच्या दिवशी वैजू आली. पुनवेचं उधाण, भरती ऐन दुपारी. खाडी चिपीच्या मुळांवर चढून होडीच्या पोटापर्यंत येणार होती. वाडीतली माणसं ढोल-ताशे सोडून ढकलायला जमली. वहिनी नारळ, हळद-कुंकू घेऊन आली. पूजेला बसायच्या आधी तिनं माझ्या हातावर सुपारी ठेवली.

"ही कमरेक लावा."

बायको नसलेल्या माणसाला पूजेला एकट्याला बसता येत नाही. कमरेला सुपारी खोवली की ती बायकोच्या जागी असते. मला ठाऊक होतं.

"नको," मी म्हणालो.

"नको म्हणजे? मगे पूजा अर्धी."

"अर्धीच करूया."

वहिनीचा चेहरा उतरला. ती वैजूकडे बघायला लागली. वैजू माझ्याकडे. तेवढ्यात माझ्या हातावरची सुपारी बघून धाकू ओरडला, "होडयेक काय कळता सुपारी! पाणी इला, ढकला रे!"

नारळ फोडला. माणसांनी खांदे लावले. होडी चिखलावरून कुरकुरत सरकली, जराशी डगमगली, आणि पाण्यावर उभी राहिली. शिमग्याच्या बोंबा वाडीत घुमल्या. मी करंजाच्या झाडाला दोर बांधला.

वैजूनं मुलगी वहिनीकडे दिली, पिशवीतून जुने पेपर काढले आणि फळीवरून होडीत आली. माझ्याकडे न बघता तळाच्या फळ्यांवर पेपर पसरायला लागली, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

"ह्या काय?"

"कोरडी असली तर, असं ठरलंय ना? पेपर लगेच सांगतो. भरती उतरेपर्यंत मी इथंच बसणार."

"बस."

ती खोलीत शिरली. मी दाराशी वाकून उभा राहिलो. तिनं चुलीवर हात ठेवला, फळीवरचं पातेलं काढलं, परत ठेवलं. मग ती चुलीसमोर बसली. खिडकीतून बाहेर बघितलं. काठावर वहिनी तिच्या मुलीला खेळवत होती, ते तिथून सरळ दिसत होतं. पेपरांकडे तिनं बघितलंही नाही.

"बाबा, खरं सांगा. आईची हौस म्हणून केलीत का ही होडी?"

"तुझ्या आईक पाण्याची हौस? तरीच्या होडयेत बसताना डोळे मिटायची ती. माझो हात सोडीत नसे."

"मग कशासाठी?"

मी कुणाला सांगितलं नव्हतं. तिलाही सांगायचं नव्हतं. पण ती शर्यत जिंकायला आली होती आणि पेपर अजून कोरडे होते, म्हणून असेल.

"त्या घरात," मी म्हणालो, "ती ठाण्याक गेलेली आसा. समाजलंस? गेलेली नाय. ठाण्याक गेलेली. पिशवी घेवन, कोंबडेक बघा सांगान, त्या दारातसून गेली. आणि मी तिका गेलेली बघूकच नाय. कोण इला की मी उठतंय. कुत्र्यान पान हलयल्यान तरी उठतंय. हय होडयेर ती कधी नव्हती. हयसून ती खय गेली नाय. हय कोणाची वाट बघूची नाय."

वैजूनं मान खाली घातली. मग तिनं हात वर केला. बसल्या जागेवरून तो भांड्यांच्या फळीला लागला. न ताणता.

"बाबा, आत या. इथं उभे राहा."

मी आत गेलो. चुलीसमोर उभा राहिलो. फळी माझ्या छातीवर टेकली. भांडं घ्यायला मला कोपर मागे ओढावं लागलं.

"ही फळी कोणाला लागते?" ती म्हणाली. "मला लागते. मी आईएवढी आहे." मग तिनं चुलीच्या डाव्या बाजूला हात ठेवला. तिथं मी रुंद जागा सोडली होती, पाट ठेवण्याएवढी. उजव्या बाजूला माठ. "आणि ही मोकळी जागा डावीकडे कशाला? तुम्ही उजव्या हातानं ढवळता."

प्रभा डावखुरी होती.

मी त्या खोलीकडे बघितलं. खुंट्या तिच्या हाताला लागतील अशा. खिडकी बसलेल्या बुटक्या बाईला बाहेर दिसेल अशी. पलंग, एकट्या माणसाला लागतो त्याच्या दुप्पट. मी टेप आणला नव्हता. हात जिथं थांबला तिथं खिळा ठोकला होता. तीस वर्षं त्या हातांनी दुसरं माप घेतलंच नव्हतं.

मी पलंगावर बसलो. बाहेर धाकू कुणावर तरी ओरडत होता. पाणी होडीच्या पोटाला लागून हलत होतं.

"आता चला माझ्याबरोबर," वैजू हळूच म्हणाली. "शर्यत राहू दे. नुसतं चला."

"नाय."

"मग निदान ऐका. तुम्ही एकदाही विचारलं नाहीत मला, त्या दिवशी काय झालं ते. एकदाही नाही, बाबा."

"मी बघलंय. फोनार."

"काय बघितलंत? कापड?" तिचा आवाज चढला. "सगळं मी एकटीनं बघितलंय. कोणाशी बोलू मी? मला सांगायचं आहे. तुम्हाला."

तिनं सुरुवात केली. सकाळी आईनं बाळाला तेल लावलं, न्हाऊ घातलं. धुरी दिली. मग म्हणाली, छातीत जरा जड वाटतंय, काल वाटाणे खाल्ले त्याचं असेल. सोलकढी होती ती प्यायली. परत म्हणाली, जड वाटतंय. वैजूनं दवाखान्यात जायचं ठरवलं. लिफ्टमध्ये बसायला प्रभा तयार नव्हती, तिला भीती वाटायची. जिन्यानं उतरली. प्रत्येक मजल्यावर थांबली, आणि प्रत्येक मजल्यावर म्हणाली, "बाळ उठला असतला, तू वर जा." फाटकाशी रिक्षा उभी होती. रिक्षावाला आधी नको म्हणाला, मग प्रभाकडे बघून बसा म्हणाला. ती आत बसली, पदर सारखा केला आणि वैजूला म्हणाली—

"रव," मी म्हणालो.

"बाबा, थोडंच राहिलंय."

"रव गो. रव."

ती थांबली. तिच्या गालावरून पाणी वाहत होतं, आणि माझ्याही. काठावरून धाकूचा आवाज आला, "कागद सुको की वलो?"

वैजू उठली. तिनं वाकून एकेक पेपर उचलला, उन्हात धरला, उलटा करून बघितला. शेवटच्या पेपराच्या कोपऱ्याला बोट लावलं. मग दाराशी जाऊन, धाकूला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "सुको!"

तिनं दिलेला शब्द पाळला. परत कधी विषय काढला नाही.

मी होडीवरच राहतो. ओहोटीला चिखलावर, भरतीला पाण्यावर. उभं राहिलं की फळी छातीला अडते, म्हणून मी बसून स्वयंपाक करतो. ढवळतो उजव्या हातानं. धाकू मागच्या थंडीत वारला. वैजूला काही सांगायचं असलं की ती तेल्याला फोन करते आणि तो कुणाला तरी घाटीनं खाली पाठवतो. दर शिमग्याला ती येते. नात आता शाळेत जाते, होडीवरून पाण्यात उड्या मारते. दुपारी नात झोपली की वैजू चुलीसमोर बसते, आणि कधीतरी विचारते, "पुढचं सांगू?"

मी म्हणतो, भरती येतेय, दोर बघून येतो.

रिक्षापर्यंतचं मी ऐकलं आहे. त्याच्या पुढचं ऐकायचं राहिलं आहे.